रक्तावर जगणारी माशी, तिच्या पोटातले जिवाणू आणि आपली जनावरं

रक्त म्हणजे ताकद, असं आपल्याकडे सगळेच मानतात. बाळंतिणीच्या अंगात रक्त कमी आहे म्हटलं की घरात धावपळ सुरू होते. "सिस्टर, एक बाटली चढवा ना, म्हणजे अंगात जीव येईल," असं नातेवाईक हात जोडून म्हणतात. पण नुसतं रक्त पिऊन कोणी जगू शकेल का? नाही जगू शकत. रक्तात प्रथिनं भरपूर, लोह भरपूर, मीठ-पाणी तर आहेच. पण बी गटातली जीवनसत्त्वं त्यात फारच थोडी असतात. तोंड आलं, जीभ लाल झाली, हातापायांना मुंग्या आल्या की ज्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आम्ही पुडीत बांधून देतो, तीच ही जीवनसत्त्वं. मग ज्या जिवाला जन्मभर रक्ताशिवाय दुसरं काही खायचंच नाही, त्याने ती आणायची कुठून?

ऊ घ्या. ती जन्मभर माणसाच्या डोक्यात राहते आणि रक्ताशिवाय काही खात नाही. ढेकणाचंही तेच. या दोघांच्याही शरीरात विशिष्ट जिवाणू कायमचे राहायला असतात आणि ते मालकासाठी ही जीवनसत्त्वं बनवून देतात. डासाचं वेगळं आहे. त्यातली फक्त मादी रक्त पिते, तेही अंडी तयार होण्यासाठी. एरवी ती झाडाफुलांचा गोड रस पिते आणि तिची पिल्लं साचलेल्या पाण्यातलं शेवाळ, कचरा खाऊन वाढतात. म्हणजे डासाला इतर ठिकाणांहूनही पोषण मिळतं. उवेला आणि ढेकणाला ती सोय नाही.

जन्मभर रक्तावरच जगणारी आणि गुरांचा मोठा आजार पसरवणारी एक माशी आहे, त्सेत्से. ती आपल्याकडे नाही, आफ्रिकेत आहे. मग आपल्या वस्तीत तिची चर्चा कशाला, असं कोणी विचारेल. कारण तिने पसरवलेल्या आजाराचा सख्खा भाऊ आपल्या गावांत आहे. गाई-म्हशी, बैल, घोडे, कुत्री यांना तो होतो, आणि 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तातही तो सापडला. हे दोन भाऊ दिसायला सारखे असले, तरी एका जनावरातून दुसऱ्यात जायची त्यांची वाट वेगळी आहे. ती कळली नाही तर उपाय चुकतो.

आफ्रिकेतली त्सेत्से

त्सेत्से आपल्या घरमाशीपेक्षा जरा मोठी, तपकिरी रंगाची. बसली की दोन्ही पंख मिटलेल्या कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक ठेवते. सहाराच्या वाळवंटाखालच्या तिसाहून जास्त देशांत ती आढळते. नर असो की मादी, दोघेही फक्त रक्त पितात आणि दिवसाढवळ्या चावतात.

तिच्या चाव्यातून ट्रिपॅनोसोमा नावाचा परजीवी जनावराच्या रक्तात जातो. तो जिवाणूही नाही आणि विषाणूही नाही. मलेरियाच्या परजीवीसारखाच एकपेशीय जीव, सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणाऱ्या मासोळीसारखा दिसतो. गुराला ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. रक्त कमी होत जातं, दूध आटतं, गाभण गाय गाभडते, बरगड्या दिसायला लागतात आणि शेवटी जनावर बसतं ते उठत नाही. या आजाराला तिकडे 'नगाना' म्हणतात. शब्द झुलू भाषेतला आहे, अर्थ साधारण 'खचलेला, मलूल'. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज असा की यात दरवर्षी सुमारे 30 लाख गुरं मरतात. ज्या पट्ट्यात ही माशी जास्त, तिथे बैल टिकतच नाही. मग नांगर ओढायला कोणी नाही, गाडी ओढायला कोणी नाही, शेणखत नाही. बायामाणसांनी हातातल्या कुदळीनेच शेत खणायचं. आफ्रिकेच्या मोठ्या भागात पिढ्यान् पिढ्या असंच चाललं. आपल्याकडे ज्याची बैलजोडी गेली त्याचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

माणसांनाही यातल्या काही जातींपासून झोपेचा आजार होतो. परजीवी मेंदूपर्यंत पोहोचतो आणि उपचार नाही मिळाला तर माणूस दगावतो. चांगली गोष्ट ही की गावोगाव तपासणी, औषधं आणि माशीविरुद्धची मोहीम यांमुळे 2018 पासून संपूर्ण आफ्रिकेत वर्षाला एक हजारापेक्षा कमी रुग्ण नोंदले जात आहेत. गुरांच्या बाबतीत मात्र असं यश अजून आलेलं नाही.

लस का नाही, हा प्रश्न पडेलच. या परजीवीच्या अंगावर प्रथिनाचा एक सदरा असतो. शरीराची पोलीस यंत्रणा त्या सदऱ्याची ओळख पटवून धरपकड सुरू करते, तोवर त्यातल्या काहींनी सदरा बदललेला असतो. पुन्हा नवी ओळख, पुन्हा धरपकड, पुन्हा नवा सदरा. ताप चढतो-उतरतो तो यामुळेच. लस म्हणजे शरीराला आधीच दाखवून ठेवलेला फोटो. रोज सदरा बदलणाऱ्याचा कोणता फोटो दाखवणार?

डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने 1894-95 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूलँडमध्ये हा परजीवी गुरांच्या रक्तात शोधला आणि माशीशी त्याचा संबंध जोडून दाखवला. परजीवीच्या एका जातीला त्याचं नाव आहे. त्याची पत्नी मेरी त्याच्या बरोबरीने सूक्ष्मदर्शकावर काम करत होती, तिचं नाव मात्र पुस्तकांत शोधावं लागतं. आणि तिथल्या गुराख्यांना तर या माशीचा आणि गुरांच्या मरणाचा संबंध आधीपासूनच ठाऊक होता. माशीच्या रानातून ते गुरं नेतच नसत.

दूध पाजणारी माशी

आम्ही सुईणपण केलेलं असल्यामुळे त्सेत्सेची पुढची गोष्ट वाचताना आम्हाला फार मौज वाटली. ही माशी अंडी घालत नाही. एका वेळी एकच अंडं तिच्या पोटातच उबतं, त्यातून अळी निघते आणि आईच्या गर्भाशयातच वाढते. तिथे दुधाची ग्रंथी असते. त्यातून पाझरणारं दूध पिऊन अळी इतकी फुगते की जन्मताना तिचं वजन जवळजवळ आईइतकं असतं. जन्मल्यावर ती लगेच मातीत घुसते, कोष करते आणि साधारण महिन्याभराने पूर्ण वाढलेली माशी बाहेर येते. नऊ-दहा दिवसांनी एक पिल्लू, आणि दोन-तीन महिन्यांच्या आयुष्यात जेमतेम आठ-दहा. डासाची मादी एका वेळी शंभरभर अंडी घालते, तिच्यापुढे त्सेत्से म्हणजे कुटुंब नियोजनाची कार्यकर्तीच म्हणायची.

याच दुधातून आई पिल्लाला शिदोरी देते. ती शिदोरी म्हणजे विगल्सवर्थिया नावाचे जिवाणू. विन्सेंट विगल्सवर्थ या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने 1929 साली त्सेत्सेच्या पोटातल्या या जिवाणूंचं वर्णन केलं, त्यावरून पुढे हे नाव पडलं. माशीच्या आतड्याच्या पुढच्या भागात खास पेशींचा एक गठ्ठा असतो, त्या पेशींच्या आत हे राहतात. थोडे दुधाच्या ग्रंथीत मोकळे असतात, तेच पिल्लाच्या पोटात जातात. हा संसार कोट्यवधी वर्षांचा आहे. इतक्या काळात या जिवाणूने एकट्याने जगण्याची सगळी सामग्री टाकून दिली. 2002 मध्ये त्याचा जनुकसंच पूर्ण वाचला गेला, तो निघाला सुमारे 7 लाख अक्षरांचा. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूचा सुमारे 46 लाखांचा असतो. एवढं सगळं गाळून टाकलं, पण बी जीवनसत्त्वं बनवण्याची कृती मात्र त्याने जपून ठेवली आहे. माशी त्याला घर देते, तो तिला जीवनसत्त्व देतो, आणि एकमेकांवाचून दोघांचंही चालत नाही.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून घेतो, कारण आमच्या डोळ्यांसमोर ती अजून घडते. माणसाच्या आईच्या दुधातूनही बाळाला उपयोगी जिवाणू मिळतात, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांचं पिवळट, दाट दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते तर बाळाला आजारांशी लढण्याची ताकद देतं. ते 'जड आहे' म्हणून पिळून टाकायचं आणि बाळाला मधाचं बोट चाटवायचं, हे काही घरांत आजही चालतं. टाकू नका. मधही देऊ नका.

जिवाणू काढून घेतले तर

आता कामाच्या मुद्द्यावर येऊ. शास्त्रज्ञांनी त्सेत्सेला अँटिबायोटिक मिसळलेलं रक्त पाजून पाहिलं. जिवाणू मेले. माशी मेली नाही, पण वांझ झाली. रक्तात बी जीवनसत्त्वं वरून घातली तर तिची जननक्षमता काही प्रमाणात परत आली. 1970 च्या दशकातल्या या प्रयोगांनी स्पष्ट झालं की हे जिवाणू नुसते पोटात पडून नाहीत, ते पोसणारे आहेत.

त्यापुढचं काम मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतल्या येल विद्यापीठात सेराप अक्सॉय या मूळच्या तुर्कस्तानच्या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने केलं. त्यांनी अशी युक्ती केली की आईच्या आतड्यातले जिवाणू शाबूत राहतील, पण दुधातले मरतील. म्हणजे आई धडधाकट, पिल्लू मात्र शिदोरीशिवाय जन्माला आलेलं. अशी पिल्लं मोठी झाल्यावर वांझ तर निघालीच, पण त्यांची रोगप्रतिकारशक्तीही कच्ची राहिली. साध्या, एरवी बाधत नसलेल्या जिवाणूंनीही त्या मरू लागल्या. आणि ट्रिपॅनोसोमाचं रक्त पाजलं तर नेहमीच्या माश्यांपेक्षा कितीतरी जास्त माश्यांमध्ये परजीवी टिकला.

असं का होतं, ते समजायला परजीवीचा माशीच्या पोटातला प्रवास पाहावा लागतो. आजारी गुराचं रक्त माशीने प्यायलं की परजीवी आधी तिच्या आतड्यात जातो. तिथे रूप बदलतो, वाढतो, मग पुढे सरकत तोंडाकडे किंवा लाळेच्या ग्रंथीपर्यंत पोहोचतो. काही जातींना या सगळ्याला तीन आठवडे लागतात. वाटेत अडथळे बरेच. प्यायलेल्या रक्ताभोवती माशीच्या आतड्यात कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ अस्तर तयार होतं, ते ओलांडावं लागतं. शिवाय माशी स्वतःची मारक प्रथिनं सोडते. त्यामुळे परजीवी प्यायलेल्या बहुतेक माश्या त्याला पोटातच संपवतात, मोजक्याच माश्या आजार पुढे नेतात. विगल्सवर्थियाशिवाय वाढलेल्या माशीत हे अस्तर नीट बनत नाही. अळीच्या वयात जिवाणू भेटले नाहीत तर प्रतिकाराची यंत्रणा घडतच नाही, आणि मोठेपणी ती उणीव राहून जाते.

म्हणून 'माशी चावली म्हणजे रोग आला' हे वाक्य अर्धंच खरं आहे. माशीच्या पोटात कोण राहतं, यावर ती रोग देणार की नाही हे बरंचसं ठरतं.

तिच्या पोटात आणखी एक भाडेकरू असतो, सोडॅलिस. तो सगळ्या माश्यांत नसतो आणि प्रयोगशाळेत वेगळा वाढवता येतो. काही ठिकाणच्या अभ्यासांत, सोडॅलिस असलेल्या माश्यांमध्ये परजीवी जास्त आढळला. शास्त्रज्ञांच्या मनात आलं की हा बाहेर वाढवता येतो, तर त्याच्यात बदल करून परजीवीला मारणारं द्रव्य त्याच्याकडूनच का बनवून घेऊ नये? म्हणजे शत्रूच्या घरातला भाडेकरूच आपला माणूस करायचा. त्यावर काम चालू आहे. 2019 मध्ये येलच्याच गटाने दुसरी वाट दाखवली. कोसाकोनिया नावाचा एक जिवाणू, जो मुळात आफ्रिकेतल्या मलेरियाच्या डासाच्या पोटात मिळाला होता, तो त्यांनी त्सेत्सेच्या पोटात सोडला. तो तिथे टिकला, त्याने आतडं आंबट केलं, आणि त्या आंबटपणात परजीवीला पाय रोवता येईना. माशीला मात्र त्याचा फारसा त्रास झाला नाही. हे सगळं प्रयोगशाळेतलं आहे. रानातल्या माश्यांपर्यंत न्यायचं तर लांबचा पल्ला आहे, आणि जिवंत जिवाणू निसर्गात सोडण्याआधी तिथल्या गावकऱ्यांना विचारलं गेलं पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आजवर त्सेत्सेविरुद्ध काय काय झालं ते पाहिलं तर या वाटेचं महत्त्व कळतं. वसाहतीच्या काळात आजच्या झिंबाब्वेत माशीचं अन्न तोडायचं म्हणून लाखांनी रानटी जनावरं गोळ्या घालून मारली. जंगलं तोडली. नंतर कीटकनाशकं फवारली. त्यामानाने निळ्या-काळ्या कापडाचे सापळे साधे आणि चांगले. त्सेत्सेला निळा रंग ओढून घेतो, कापडाला कीटकनाशक लावलेलं असतं, माशी टेकली की मरते. आणि झांझिबारच्या उंगुजा बेटावर तर 1994 ते 1997 मध्ये प्रयोगशाळेत वाढवून किरणोत्साराने नपुंसक केलेले नर विमानातून सोडून माशी पूर्ण संपवली. एका मादीला आठ-दहाच पिल्लं होत असतील, तर तिचा वंश असा खुंटवता येतो. डासाच्या बाबतीत हे एवढं सोपं नाही.

डासाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. डेंग्यू पसरवणाऱ्या डासात वोल्बाकिया नावाचा जिवाणू घातला तर डेंग्यूचा विषाणू त्या डासात नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचे रुग्ण 77 टक्क्यांनी कमी आढळले. आपल्याकडेही पुदुच्चेरीच्या सरकारी संशोधन केंद्राने 2022 मध्ये असे डास तयार केल्याचं जाहीर केलं. उद्या 'सरकार रोगाचे डास सोडतंय' अशी अफवा मोबाईलवर फिरली, तर निदान आपल्या वस्तीत कोणीतरी त्यामागचं शास्त्र सांगणारं असावं. तोवर पाण्याचे ड्रम आठवड्यातून एकदा रिकामे करून घासायचं काम चुकवू नका.

आपल्याकडचा सर्रा

भारतात त्सेत्से नाही. पण ट्रिपॅनोसोमा आहे, त्याची इव्हान्सी नावाची जात. 1880 साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने त्या वेळच्या पंजाबात डेरा इस्माईल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात तो पाहिला. जनावरांना आजारी पाडणारा ट्रिपॅनोसोमा जगात पहिल्यांदा सापडला तो इथे, आफ्रिकेतल्या शोधाच्या आधी. या आजाराला सर्रा म्हणतात. इंग्रजी शब्दकोश या शब्दाचं मूळ मराठीत दाखवतात, नाकातून जोराने वाहणाऱ्या श्वासाचा आवाज.

हा परजीवी आफ्रिकेतल्या परजीवीचाच वंशज. पण माशीच्या पोटात वाढण्याची क्षमता त्याने गमावली आहे. त्यामुळे वर सांगितलेलं पापुद्र्याचं अस्तर, जिवाणूंनी घडवलेली प्रतिकारशक्ती, आंबट आतडं, यांतलं काहीच त्याच्या वाटेत येत नाही. तो पोटात शिरतच नाही. घोडमाशी, जिला काही भागांत गोमाशी म्हणतात, आणि गोठ्यातली चावरी माशी यांच्या सोंडेला लागलेल्या ओल्या रक्तातून तो थेट दुसऱ्या जनावरात जातो. घोडमाशीचा चावा फार दुखतो. जनावर शेपटी मारतं, माशी अर्ध्या पोटाने उडते आणि शेजारच्या जनावरावर बसून उरलेलं जेवण पुरं करते. सोंडेवर परजीवी फार वेळ जगत नाही, म्हणून हे सगळं थोड्या वेळात आणि जवळजवळ बांधलेल्या जनावरांत घडतं.

नर्सच्या भाषेत सांगायचं तर आफ्रिकेतली माशी म्हणजे उबवणीपेटी, आणि आपल्याकडची माशी म्हणजे एकाला टोचलेली सुई न बदलता दुसऱ्याला टोचणं. आणि इथेच खरी गोम आहे, कारण सर्रा खऱ्या सुईनेही पसरतो. गावात एखादा गृहस्थ पिशवी घेऊन येतो, वीस जनावरांना एकाच सुईने टोचून जातो. हे आम्ही एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. माणसांच्या दवाखान्यात एचआयव्हीच्या भीतीने का होईना, सुई बदलण्याची शिस्त आली. गोठ्यात ती आलेली नाही. जनावराला टोचणाऱ्याला विचारा, "दादा, सुई नवी आहे का?" तो रागावला तरी चालेल. दर जनावराला नवी सुई, हे तुम्ही पैसे देऊन विकतही आणू शकता, फार महाग नसते.

सर्रा झालेलं जनावर कसं ओळखायचं? ताप येतो-जातो, डोळ्यांतून पाणी, दूध कमी, वाळत जाणं, पायांवर किंवा पोटाखाली सूज. पुष्कळ गाई-म्हशींत वरून काहीच दिसत नाही आणि त्या परजीवी बाळगून फिरतात. पावसाळ्याचे कष्ट किंवा वेत झालं की आजार उफाळतो. आणि कधी जनावर अचानक गोल गोल फिरायला लागतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, अंगावर धावून येतं, पडून पाय झाडतं आणि काही तासांत मरतं. असं झालं की कोणीतरी म्हणतंच, 'करणी झाली', 'बाहेरचं लागलं'. मग लिंबू, अंगारा, भगताकडे खेप. त्यात दिवस जातो, पैसे जातात आणि म्हैस जाते. कर्ज काढून घेतलेली म्हैस असते ती, बहुधा बचत गटाच्या कर्जातून आणलेली आणि घरातल्या बाईच्या नावावरची. भगताचं काही जात नाही.

गोल फिरणारं प्रत्येक जनावर सर्राचंच असतं असं नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानेही जनावर असं वागू शकतं. म्हणून अशा जनावराच्या तोंडात हात घालू नका, औषध पाजायला जबडा उघडू नका, आधी डॉक्टरला बोलवा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना जवळ नसेल तर 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करता येतो. सर्रावर औषध आहे आणि वेळेवर दिलं तर गुण येतो. पण ते वजनावर मोजून द्यायचं असतं. कमी दिलं तर परजीवी औषधाला सरावतो, जास्त दिलं तर जनावर दगावू शकतं. दुकानातून आणून घरी टोचण्याचं हे औषध नव्हे. 'जिवाणू मारले की माशी वांझ होते' हे वर वाचून कोणी जनावराला अँटिबायोटिक देऊ नये. सर्रावर त्याचा उपयोग नाही, आणि ते दुधात उतरतं ते आपल्याच मुलांच्या पोटात जातं.

आता चंद्रपूरच्या शेतकऱ्याबद्दल. त्याचा ताप महिनोन् महिने चढउतार करत होता. रक्त तपासणाऱ्यांना त्यात ट्रिपॅनोसोमा दिसला. सुरामिन औषधाने तो बरा झाला. नंतर गावातल्या अठराशेहून जास्त लोकांची रक्ततपासणी झाली. परजीवीशी संबंध आल्याच्या खुणा काहींच्या रक्तात दिसल्या, पण संशय वाटलेल्या कोणाच्याही रक्तात जिवंत परजीवी मिळाला नाही. मग त्यालाच का झाला? माणसाच्या रक्तात एपीओएल-1 नावाचं एक प्रथिन असतं, ते या परजीवीला मारून टाकतं. त्या शेतकऱ्याच्या शरीरात ते जन्मापासूनच तयार होत नव्हतं. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या रक्तात हे संरक्षण आहे, त्याच्यात नव्हतं. त्यामुळे गोठ्यात सर्रा निघाला म्हणून घाबरून दूध ओतून देऊ नका. नेहमीप्रमाणे उकळून घ्या.

तरी हाताला जखम असताना आजारी जनावराचं रक्त लागू देऊ नये. मेलेली ढोरं ओढण्याचं, फाडण्याचं काम आपल्या आज्या-पणज्यांवर लादलं गेलं आणि बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपल्या लोकांनी ते सोडलं. पण आजही नगरपालिकेच्या ठेकेदाराकडे ते रोजंदारीवर करणारे आहेत, आणि बहुतेक वेळा उघड्या हातांनी. हातमोजे आणि गमबूट देणं ही ठेकेदाराची जबाबदारी आहे, मागून घ्या. आजारी जनावराचं कच्चं मांस आणि रक्त कुत्र्यांपुढे टाकू नका. कुत्र्यांना त्यातून सर्रा होतो, डोळे पांढरे पडतात.

गोठ्यात काय करता येईल? घोडमाशी ओल्या चिखलात वाढते आणि पावसाळ्यात तिचा सुळसुळाट होतो. गोठ्यातल्या चावऱ्या माशीची पिल्लं मूत-शेणात कुजलेल्या वैरणीत वाढतात, म्हणून खाली पडलेलं ओलं गवत दोन दिवसांआड उचला आणि खड्डा झाकून ठेवा. संध्याकाळी धूर करा, पण गोठा बंद करून नव्हे, जनावरालाही श्वास लागतो. आजारी जनावर इतरांपासून चांगलं लांब बांधा, आणि जमलं तर मच्छरदाणीच्या कापडाने आडोसा करा. बाजारातून नवीन जनावर आणलं की ते थेट गोठ्यात न घालता काही दिवस वेगळं ठेवा आणि त्याचं रक्त तपासून घ्या.

रक्ताच्या तपासणीबद्दल एक लक्षात ठेवा. परजीवी सदरा बदलतो, म्हणून रक्तातली त्याची संख्या वरखाली होते. ताप उतरलेला असताना काचपट्टी घेतली तर त्यात काहीच दिसत नाही आणि 'सर्रा नाही' असा कागद हातात पडतो. ताप भरलेला असताना, औषध देण्याआधी, कानाच्या शिरेतून रक्त घ्यायला सांगा. एकदा नाही दिसला आणि जनावर वाळतच चाललं असेल, तर पुढचा ताप आला की पुन्हा बोलवा.